एका घरात दोन वचने निघाली तेव्हा

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"ख्रिस्तात सलाम. माझे वय 34. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी अकरा वर्षे परिचारिका म्हणून काम करते. माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातले. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. तिला मधुमेह आहे आणि दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. यजमानांचा टेम्पो आहे. घर आणि टेम्पो या दोन्हींवर कर्ज आहे, हप्ते भरले की हातात फारसे काही उरत नाही. मुलगी दुसरीत आहे. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने मला नोकरी देऊ केली आहे. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा मी पास झाले, त्याच्या पुढच्या पातळीचा, बी-टूचा क्लास चालू आहे. करारावर या महिनाअखेर सही करायची आहे. सुरुवातीची दीड-दोन वर्षे मला एकटीलाच राहावे लागेल.

आईने उपास आणि प्रार्थना करून, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले आणि बोट ठेवले, तर शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकातले, उत्पत्ती 26:2 निघाले: मिसर (इजिप्त) देशात जाऊ नको. मी त्याच रात्री तसेच केले, तर उत्पत्ती 12:1 निघाले: आपला देश, आपले नातेवाईक आणि बापाचे घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा. क्लासला नाव घातले त्याच आठवड्यात मुलीला डेंगी झाला होता. आई म्हणते, ती पहिली खूण होती, आणि हे ती मुलीसमोरच म्हणते. भाऊ संभाजीनगरला असतो, त्याचे म्हणणे, तुमचे तुम्ही पाहा. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करत राहा. यातले कोणते वचन मी माझे समजू? आणि प्रभूच्या इच्छेविरुद्ध गेले तर त्याची शिक्षा माझ्या लेकीला होईल का?"

प्रिय भगिनी,

सलाम. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेते, कारण नोकरीचा निर्णय महिनाअखेरीपर्यंत थांबू शकेल, पण लेकीविषयीची जी भीती पोटात घेऊन तुम्ही रोज ड्यूटीवर जाता, ती एक दिवसही तशीच राहू देण्यासारखी नाही.

तुमच्या निर्णयाची शिक्षा देव तुमच्या मुलीला देईल का? नाही. हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. शास्त्रात हा प्रश्न उघडपणे विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही तिथेच आहे. यहेज्केल संदेष्टा बाबेलात बंदिवानांमध्ये राहत होता, तेव्हा त्या लोकांच्या तोंडी एक म्हण बसली होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. वाडवडिलांनी केले ते आपण भोगतो आहोत, असा त्या म्हणीचा अर्थ. ही म्हण यापुढे इस्राएलात कोणी उच्चारू नये, असे परमेश्वराने सांगितले, आणि मग अठराव्या अध्यायात बाप, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांचे उदाहरण घेऊन, एखाद्या निकालपत्रात असावा तितक्या बारकाईने, मुलगा बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही, हे स्पष्ट केले. आई कदाचित दहा आज्ञांकडे बोट दाखवतील, कारण तिथे तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या शासनाचा उल्लेख आहे. ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी, त्याला सोडून मूर्तींना भजणाऱ्यांविषयी ते बोलते. आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी दुसऱ्या देशात जाणे म्हणजे देवाचा द्वेष करणे, असे तुमच्या आईही म्हणणार नाहीत.

डेंगीचे म्हणाल, तर तो डासामुळे होतो, हे तुम्ही पावसाळ्यात वॉर्डातल्या नातेवाइकांना दिवसातून दहादा समजावून सांगत असाल. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्वतः सांगितले (लूक 13). जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले (योहान 9). आजारपणात खूण शोधण्याची सवय फार जुनी आहे आणि ती शिष्यांनाही होती. प्रभूने ती मोडली. आपण ती पुन्हा जोडू नये.

आता त्या दोन वचनांकडे येऊ. आईचे शास्त्र एकदा हातात घेऊन पाहा, म्हणजे मुखपृष्ठ नव्हे, तर शिवण. माझ्या आईचे शास्त्र माझ्याकडे आहे. ते टेबलावर उभे धरून सोडले की दहापैकी सात-आठ वेळा स्तोत्रसंहितेतच उघडते, कारण चाळीस वर्षे रोज पहाटे ते तिथेच उघडले गेले आणि तिथली शिवण सैल झाली आहे. पानांच्या कडा तिथे अंगठ्याने तपकिरी झाल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण जानेवारीत संपूर्ण शास्त्र वाचायचा नेम धरतात, उत्पत्तीपासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या पुस्तकापाशी, लेवीयापाशी रेंगाळतात, त्यामुळे घराघरांतली शास्त्रे उत्पत्तीत सहज उघडतात. तुमच्या घरात एकाच रात्री दोन्ही बोटे उत्पत्तीवरच पडली, यामागे माझ्या मते हे इतके साधे कारण असू शकते. देव अशा रीतीने बोलूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. पण ज्याला आपण स्वर्गातून आलेली चिठ्ठी समजतो, त्यात आपल्याच हाताच्या सवयीचा वाटा किती आहे, हे पाहणे प्रामाणिकपणाचे आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती वचने कोणाला, कुठे आणि कशासाठी सांगितली गेली, हे पाहू. उत्पत्ती 26 मध्ये देशात दुष्काळ पडला आहे आणि इसहाक गरार येथे, पलिष्ट्यांचा राजा अबीमलेख याच्याकडे आला आहे. पुढचा रस्ता मिसरचा, कारण तिथे नाईल नदी आणि तिच्या काठी धान्य. तिथे परमेश्वर त्याला म्हणतो, मिसरात जाऊ नको, याच देशात उपरी म्हणून राहा, कारण हा देश मी तुझ्या वंशजांना देणार आहे. इसहाकाने तिथेच पेरणी केली आणि त्या वर्षी त्याला शंभरपट पीक आले. हे वचन इसहाकाला, त्या वर्षी, त्या जमिनीविषयी होते.

तुमचे वचन, उत्पत्ती 12:1, हे अब्राहामाला होते, जो त्या वेळी अब्राम होता आणि 75 वर्षांचा होता. तो हारान सोडून निघाला खरा, पण एकटा नाही. बायको, पुतण्या लोट, मिळवलेली सारी मालमत्ता आणि घरची सगळी माणसे बरोबर घेऊन तो निघाला. या वचनावरून जर कोणी तुम्हाला सांगेल की मुलीला मागे ठेवून जाण्यातच विश्वास आहे, तर त्या वचनात तसे काही नाही, एवढे लक्षात ठेवा. त्याच अध्यायात दहाव्या वचनापासून पुढे दुष्काळ पडतो आणि हाच अब्राम मिसरात उतरतो. त्याला कोणी जा म्हटल्याचे लिहिलेले नाही आणि नको म्हटल्याचेही नाही. तो गेला, भीतीपोटी बायकोला बहीण म्हणून मोकळा झाला आणि त्यातून अनर्थ ओढवला. तिथे शास्त्र दोष कशाचा दाखवते? देश सोडण्याचा नाही. भीतीने बोललेल्या खोट्याचा.

आता इसहाकाच्या त्या अध्यायापासून वीस अध्याय पुढे जा. उत्पत्ती 46. इसहाकाचा मुलगा याकोब म्हातारा झाला आहे, मेला म्हणून ज्याच्यासाठी त्याने वर्षानुवर्षे शोक केला तो योसेफ मिसरात जिवंत आहे असे कळले आहे, फारोने गाड्या पाठवल्या आहेत, आणि तरीही याकोब बैर-शेबा येथे थांबतो. का थांबतो? तिथे त्याने यज्ञ केला तो, शास्त्राच्या शब्दांत, आपला बाप इसहाक याच्या देवाला. म्हणजे ज्याने त्याच्या बापाला मिसरात जाऊ नको म्हणून बजावले होते, त्याच देवाला. घरातली ही आठवण याकोबाला ठाऊक नसेल, हे मला संभवनीय वाटत नाही. रात्री दृष्टान्तात त्याला शब्द ऐकू येतात, मिसर देशात जाण्यास भिऊ नको, मी स्वतः तुझ्याबरोबर तिथे येईन. तोच देव आणि तोच देश, पण बापाला नको म्हटले आणि मुलाला जा म्हटले. पुढे मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मरियेचा पती योसेफ यालाही, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरात पळून जा, असे सांगण्यात येते.

तेव्हा तुमच्या आईचे बोट वीस अध्याय पुढे पडले असते, तर आज त्या तुमची बॅग भरायला बसल्या असत्या. हे मी त्यांच्या श्रद्धेला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. उपास धरून मुलीसाठी देवापुढे बसलेल्या आईचा मला आदर वाटतो. पण एकाच पुस्तकात, एकाच देशाविषयी, तीन माणसांना तीन निरनिराळे अनुभव आले असतील, तर ते पुस्तक डोळे मिटून बोट ठेवण्यासाठी लिहिलेले नाही, हे त्या पुस्तकातूनच दिसते.

आई म्हणतील, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली ना? झाली, प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. मात्र चिठ्ठ्या टाकण्याच्या आधी काय झाले तेही तिथेच आहे. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो आपल्याबरोबर होता असाच माणूस हवा, अशी अट आधी ठरली, तिच्यात बसणारी दोन माणसे पुढे आणली गेली, प्रार्थना झाली आणि सर्वांत शेवटी चिठ्ठ्या पडल्या. त्यानंतर दुसऱ्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि पुढे नव्या करारात मंडळीने कोणताही निर्णय चिठ्ठ्या टाकून केल्याचे दिसत नाही. पंधराव्या अध्यायात सुंतेचा मोठा वाद यरुशलेमेत येतो, तेव्हा प्रेषित आणि वडील एकत्र बसतात, बराच वादविवाद होतो, पेत्र आपला अनुभव सांगतो, पौल आणि बर्णबा आपला सांगतात, यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब (हा इसहाकाचा मुलगा नव्हे) संदेष्ट्यांच्या लेखाचा दाखला देतो आणि मग जे पत्र लिहिले जाते त्यात शब्द येतात, "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले". त्यातला "आम्हांला" हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आत्मा बोलला म्हणून माणसांनी विचार करणे सोडले नाही.

ही चिंता आपल्याच काळातली आहे असेही नाही. संत ऑगस्टीन यांनी 386 साली मिलानमधल्या एका बागेत, "घे, वाच" असा लहान मुलासारखा आवाज ऐकून पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि त्यांचे आयुष्य पालटले, ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यांच्यापुढे आलेल्या रोमकरांस पत्राच्या ओळी रंगेलपणा सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याविषयी होत्या. त्यांची आई मोनिका वर्षानुवर्षे ज्यासाठी रडत होती तीच ही गोष्ट, आणि ते पुस्तकही त्यांनी स्वतःच वाचता वाचता खाली ठेवलेले होते. भविष्याची बातमी त्यात कोणतीही नव्हती. पुढे हिप्पोचे बिशप झाल्यावर त्याच ऑगस्टीननी एका पत्रात लिहिले की शुभवर्तमानाची पाने उघडून कौल घेणे हे भुताखेतांकडे विचारायला जाण्यापेक्षा बरे, पण संसारातल्या कामांसाठी देववचन असे वापरणे आपल्याला रुचत नाही. 506 साली दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) आग्द येथे भरलेल्या धर्मसभेने तर असा कौल घेण्यास मनाईच केली.

मी स्वतः बावीस वर्षांची असताना अध्यापक प्रशिक्षणाला माझा नंबर लागला होता. घरापासून दूर जायचे म्हणून मन कच खात होते, म्हणून मी शास्त्र उघडले आणि स्तोत्र 46 मधले शांत राहण्याविषयीचे वचन समोर आले. मी ते, जाऊ नको, थांब, असे वाचले आणि गेले नाही. ती जागा गेली, आणि पुढची चार वर्षे मी जे शिकले ते शिकण्यासाठी मला ती वर्षे दवडावी लागली नसती तर बरे झाले असते. कारण त्याच्याच आधीच्या वचनात परमेश्वर दिगंतापर्यंत लढाया बंद करतो, धनुष्य मोडतो, भाला तोडतो असे लिहिले आहे. शांत राहा हा शब्द युद्ध करणाऱ्या राष्ट्रांना उद्देशून आहे, कॉलेजात जायला घाबरणाऱ्या मुलीला नाही. मी दोन ओळी वर वाचले असते तरी पुरले असते. खरे तर मला जे ऐकायचे होते ते मी आधीच ठरवले होते आणि त्यावर प्रभूचे नाव लिहून टाकले होते. एवढ्याचसाठी तुम्हाला विचारते: त्या रात्री पान उघडताना कोणते वचन निघावे असे तुमच्या मनात होते, हे तुम्ही स्वतःशी कबूल केले आहे का?

मग शास्त्र रोजच्या जगण्यात वाट दाखवते ती कशी? स्तोत्र 119 मध्ये म्हटले आहे, "तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे व माझ्या मार्गावर प्रकाशासारखे आहे." हा दिवा म्हणजे तेलाची लहानशी पणती. लोडशेडिंगच्या दिवसांत गावाकडे रात्री कंदील घेऊन परसात गेलेल्या कोणालाही ठाऊक असेल की त्या उजेडात वेशीपर्यंतचा रस्ता दिसत नाही. पुढचा दगड, खड्डा, बाजूला सरकणारा विंचू एवढे दिसते, आणि तेवढ्यावर पाऊल टाकता येते. तुम्ही पणतीकडे जर्मनीचा नकाशा मागत आहात. तुमच्या पुढच्या पावलावर मात्र तिचा उजेड भरपूर पडतो, आणि तो कुठे पडतो ते मी सांगते.

सैतानाने अरण्यात प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितले तेही एक वचन म्हणूनच दाखवले, स्तोत्र 91 मधले. प्रभूने ते वचन खोटे म्हटले नाही. आणखी असाही शास्त्रलेख आहे, असे म्हणून अनुवाद या पुस्तकातले दुसरे वचन त्याच्या शेजारी ठेवले. एका वचनाला संपूर्ण शास्त्राच्या शेजारी बसवायचे, ही रीत त्यानेच घालून दिली. त्यासाठी संपूर्ण शास्त्र वाचावे लागते. केडगावला पंडिता रमाबाईंनी इब्री (हिब्रू) आणि ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे खर्चून सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले, ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि 1924 साली ते छापून निघाले. कमी शिकलेल्या बाईलाही स्वतःच्या डोळ्यांनी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचता यावे, म्हणून हे कष्ट होते. आपण मराठी ख्रिस्ती स्त्रिया त्या कष्टांच्या वारस आहोत, आणि आपण डोळे मिटून बोट ठेवावे हे मला सहन होत नाही.

तर तुमच्या प्रश्नाच्या शेजारी मी कोणते शास्त्रलेख ठेवीन? पहिला मार्क 7. काही लोक आईबापांना सांगत की तुम्हाला ज्याचा उपयोग झाला असता ते मी कर्बान, म्हणजे देवाला अर्पण केले आहे, आणि देवाच्या नावाखाली आईबापांच्या जबाबदारीतून मोकळे होत. प्रभूने याला देवाचे वचन रद्द करणे म्हटले. म्हणजे "देवाने मला जर्मनीला बोलावले" हे वाक्य आईच्या इन्सुलिनची सोय केल्याशिवाय तुम्हाला उच्चारता येणार नाही. पण हाच लेख तुमच्या भावालाही लागू आहे, आणि त्याच्यापर्यंत तो कोणीतरी पोहोचवला पाहिजे. तुमचे तुम्ही पाहा, असे म्हणण्याची मुभा आईच्या मुलाला शास्त्र देत नाही.

त्याच्या शेजारी योहान 19 ठेवा. प्रभू वधस्तंभावर आहे, आणि तिथून तो आईला म्हणतो, पाहा, हा तुझा मुलगा, आणि शिष्याला म्हणतो, पाहा, ही तुझी आई. त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. ज्याला आईपासून दूर जाणे भाग होते, त्याने समोर उभे असलेले एक माणूस निवडले, दोघांना एकमेकांच्या हवाली केले, आणि तो बोलला तेव्हा दोघेही ऐकत होते. तुमच्या घरात असे माणूस कोण? यजमान टेम्पो घेऊन पहाटे बाहेर पडत असतील तर सकाळचे इन्सुलिन कोण देणार, रात्री साखर उतरली तर कोणाला कळणार, मुलगी शाळेतून येते तेव्हा दार कोण उघडणार? या प्रश्नांपुढे नावे लिहिता येतात का, ते पाहा. नाव न सुचणारी जागा राहिली, तर तिथे निर्णय अजून तयार नाही.

लूक 14 मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तुम्हीही बसा. परवाना आणि मान्यता मिळेपर्यंत तिथे सहायक म्हणून कमी पगार असतो. तो नेमका किती, घरभाडे आणि विमा वजा जाता हाती काय उरते, त्यातून इथले हप्ते किती महिन्यांत फिटतात, बी-टू उत्तीर्ण झाले नाही तर करारात काय लिहिले आहे, मधेच सोडल्यास किती रक्कम परत मागतील, मुलीला नेण्यासाठी घराची आणि उत्पन्नाची अट काय, हे सगळे एका वहीत उतरवा. करार समजेल अशा भाषेत हातात आल्याशिवाय सही करू नका आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका. हे हिशेब म्हणजे विश्वास कमी असल्याचे लक्षण, असे कोणी म्हटले तर त्याला बुरुजाचा दाखला वाचायला द्या.

नीतिसूत्रे 15:22 सांगते की मसलतीवाचून बेत फसतात. पाळकसाहेबांना पुन्हा भेटा आणि या वेळी, माझ्यासाठी प्रार्थना करा, एवढेच म्हणू नका. एक तास मागून घ्या आणि ही वही त्यांच्यापुढे उघडा. मंडळीत परदेशात परिचारिका म्हणून गेलेल्या किंवा जाऊन परत आलेल्या एखाद्या बहिणीला शोधा. रात्रपाळीनंतरच्या एकटेपणाविषयी ती जे सांगेल, ते मी इथून लिहू शकणार नाही.

आता आईंविषयी, आणि माझ्या मनात सर्वांत अधिक हेच आहे. वचन कोणाचे खरे, असा वाद त्यांच्याशी घालू नका. एखाद्या संध्याकाळी, घाई नसताना, त्यांच्याच शास्त्रातून उत्पत्ती 46 त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चौथ्या वचनात याकोबाला शेवटचे आश्वासन मिळते ते असे, की योसेफ आपल्या हाताने तुझे डोळे झाकील. त्या म्हाताऱ्याला नुसती मिसराची भीती नव्हती. मरताना आपले लेकरू जवळ असेल की नाही, ही भीतीही होती, आणि देवाने त्या भीतीलाही उत्तर दिले. वाचून झाले की थोडा वेळ काही बोलू नका. मला वाटते, तुमच्या आईचे बोट ज्या वचनावर पडले त्यामागे हीच भीती आहे, आणि ती त्यांना तोंडाने म्हणता येत नाही म्हणून इसहाकाच्या वचनाने म्हटली आहे. त्यांना विचारा, माझ्यामागे काही झाले तर, असे तुला वाटते का? त्या हो म्हणाल्या, तर निदान तुम्ही दोघी एकाच गोष्टीविषयी बोलू लागाल. त्या भीतीचे उत्तर तुमच्याकडे आज कदाचित नसेल. तरी ती भीती ऐकून घेणे हेही आईबापांचा मान राखणेच आहे.

माझे मत विचाराल, तर मला शास्त्रात तुमच्या जाण्याला मनाई दिसत नाही आणि जाण्याची आज्ञाही दिसत नाही. कर्ज फेडण्यासाठी कष्टाला तयार होणे हे प्रामाणिक कारण आहे. मात्र या महिन्यात सही करू नये, असे मला वाटते. त्या रुग्णालयाकडून सहा आठवड्यांची मुदत लेखी मागून घ्या. परिचारिकांची गरज त्यांनाही आहे, आणि कुटुंबाची व्यवस्था लावण्यासाठी वेळ मागणारी उमेदवार त्यांना बेभरवशाची वाटू नये. मुदत नाकारली, तर अशी नोकरी पुन्हा मिळणारच नाही असे नाही. तुमचे शिक्षण आणि बी-वनचे प्रमाणपत्र तुमच्याजवळच राहील. त्या सहा आठवड्यांत एक रविवार भावाला बोलवा, उपासनेनंतर सर्व जण जेवायला बसा आणि वही मधे ठेवा. जाण्याचे ठरलेच, तर "प्रभूची इच्छा असेल तर" हे याकोबाच्या पत्रातले शब्द आशा म्हणून म्हणा आणि जा. मग तिथे गेल्यावर यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय वाचा. त्यातले हिताच्या संकल्पांचे अकरावे वचन वर्षअखेरच्या उपासनेत मिळणाऱ्या कार्डांवर फार वेळा छापलेले असते, पण तो अध्याय परमुलखात राहणाऱ्यांना लिहिलेले पत्र आहे, हे कार्डावर येत नाही. घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यात आहे, आणि परतीसाठी सत्तर वर्षांचा अवधी सांगितला आहे. दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल, असे गोड भाकीत त्या काळी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने केले होते. ते खोटे ठरले. तुम्हालाही कोणी, दीड वर्षात सगळे सुरळीत होईल, असे वचन काढून दिले, तर हनन्या आठवा आणि वहीतले आकडे पुन्हा तपासा.

हे सारे पुढच्या सहा आठवड्यांचे झाले. आज रात्रीचे काम वेगळे आहे. तुमच्या लेकीने आजीच्या तोंडून ऐकले आहे की आई क्लासला गेली म्हणून मला ताप आला. दुसरीतले मूल अशी गोष्ट कोणाला न विचारता मनात ठेवून देते. आज तिला झोपवताना जवळ घ्या आणि सांगा, तुला डास चावला होता म्हणून ताप आला होता, माझ्या क्लासमुळे नाही आणि तुझ्यामुळेही नाही.